गारगोटीचा कान

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

बाबा म्हणतात, मोठ्यांना पत्र लिहिताना आधी तीर्थरूप लिहायचं आणि मग साष्टांग नमस्कार घालायचा. घातला समज. जमिनीवर बसूनच लिहितोय, म्हणजे अर्धा तर झालाच आहे. गारगोटीची मान माझ्या मांडीवर आहे, अक्षर तिरकं येणार.

तुझ्या कॅम्पवर फोन लागत नाही हे मला आधी थापच वाटली होती. आजच्या जमान्यात अरुणाचलात एक हरिदास नावाचा ड्रायव्हर आठवड्यातून एकदा जीप घेऊन खाली उतरतो आणि त्याच्या खिशातून पत्रं जातात, यार आत्या, मला तर तिकडेच यावंसं वाटलं. पण नाही. बाबा सगळ्यांना सांगत फिरतायत की मानेसरच्या कारखान्यातली नोकरी टिकली नाही, डिलिव्हरीची टिकली नाही, आता बहिणीने कुत्रा सांभाळायला ठेवलंय, बघू किती दिवस. तेव्हा तू दगड शोधून परत येईपर्यंत मी इथेच.

फ्रिजवर तू चिकटवलेल्या चिठ्ठीप्रमाणे सगळं चालू आहे. सकाळी आधी भात-चिकन, मग गोळी, उपाशीपोटी कधीच नाही. गोळी आधी अर्धी करतो, मग अर्धीची अर्धी. सुरीखालून तुकडा उडतो आणि आम्ही दोघं तो पलंगाखाली शोधतो, ती नाकाने आणि मी टॉर्चने. रोज तीच जिंकते.

गोळ्यांच्या डब्यातला कागद मात्र मी वाचायला नको होता. उलटी, जुलाब, भूक जाणं, काळी शी, पिवळे डोळे, किडनी, लिव्हर. सांधेदुखीची गोळी आहे की काय आहे? तेव्हापासून रोज सकाळी तिने केलं की मी टॉर्च लावून रंग बघतो. गेटवरचा हरियाणवी गार्ड परवा म्हणाला, "भाई, सोना ढूँढ रहा है के?" मी म्हटलं, हो. काळी नव्हती, म्हणजे सोनंच की.

तिला इथे सगळे गार्गी म्हणतात, तुला माहीत असेल. भाजीवाल्याला मी सांगत बसलो की गार्गी नाही, गारगोटी, आत्याला ती नदीच्या पात्रात सापडली, पिल्लू होती, पांढरी गोल. तो म्हणाला, वही तो, गार्गी. मग त्याच्याशी गाजराच्या भावावरून बोलत राहिलो आणि गाजर न घेताच घरी आलो.

एक विचारायचं होतं. तिला डावा कान खाजवायचा असतो. मागचा पाय उचलते, तो थोडा वर येतो आणि हवेतच थांबतो. एवढा वेळ थांबतो की मला वाटतं आता जाईल, आता जाईल. मग ती पाय खाली ठेवते आणि दुसरीकडे बघते, जणू तिला खाजवायचंच नव्हतं. कण्हत पण नाही. मी असतो तर अख्खं लक्ष्मीबाई नगर जागं केलं असतं. मग मीच खाजवून देतो. चालेल ना?

तुझा,
समर्थ


कॅम्प, अरुणाचल
५ डिसेंबर

चि. समर्थ,

नमस्कार पोचला, अर्धा का होईना. आशीर्वाद मात्र पूर्ण घे. मराठी तू बोलतोस तसंच लिहितोस, ते मला आवडलं. चुका मी मोजणार नाही.

आम्ही ओढ्याच्या वर तंबू टाकलेत. काल कड्यात वाळूच्या दगडाची एक मोठी लादी उघडी पडलेली दिसली, तिच्यावर लाटा. आपण नदीकाठी ओल्या वाळूत बघतो ना, बारीक बारीक वळ्या, अगदी तशाच, पण दगडात. कोणे एके काळी एका दुपारी पाणी तिथून हळू वाहून गेलं, आणि ती दुपार अजून तिथे आहे. इतकी वर्षं हे काम करते, तरी मी हात लावून बसून राहिले. हरिदास म्हणाला, मॅडम, चाय ठंडी हो गई.

आता कामाचं. कागद वाचलास ते बरं केलंस. भीती मलाही आहे. त्याच कागदापायी मी गोळी सुरू करायला दोन हिवाळे उशीर केला, आणि ते दोन हिवाळे तिने काढले. दुखणं अंगावर काढण्याचेही परिणाम असतात, फक्त ते कुठल्या कागदावर छापलेले नसतात. तेव्हा गोळी चुकवू नकोस आणि डोळे उघडे ठेव. या महिन्यात डॉ. नीरजकडे नेऊन रक्त तपासून घे, किडनी आणि लिव्हर दोन्ही. गोळ्या वर्षाअखेर संपतील, नव्या आणायला विसरू नकोस.

कान खाजवणं चालेल काय, तेच तुझं मुख्य काम. मी रोज करत होते, सांगायचं राहून गेलं. पगार नाही. पण ही नोकरी तरी टिकव.

थंडीत तिच्या अंगाखाली गोधडी दुहेरी घाल.

रेवतीआत्या


लक्ष्मीबाई नगर
१७ डिसेंबर

आत्या,

लाटांचं वाचून मी बाहेर गेलो आणि सर्व्हिस रोडवरचे दगड उलटेपालटे करून बघितले. सगळे सिमेंटचे निघाले. एकावर बुटाचा ठसा होता. कुणीतरी ओल्यावर पाय दिलेला, तोही आता तिथेच राहणार. तुझ्याइतकं जुनं नाही, पण मला बरं वाटलं.

डॉ. नीरजकडे जाऊन आलो. रिक्षात तिला उचलूनच ठेवावं लागलं. रक्ताचं सगळं ठीक आहे, किडनी एकदम फर्स्ट क्लास म्हणाले. त्यांनी विचारलं, पानी दे रहे हो ना रोज? मी म्हटलं, हाँ जी, दो कटोरी भरके. ते थोडे हसले, पण तेवढ्यात बाहेर एक ग्रेट डेन एका मांजरीला घाबरून टेबलाखाली घुसला आणि सगळे तिकडे धावले. मीपण. तो कुत्रा माझ्या कमरेएवढा होता, आत्या, आणि मांजर तिच्या पिंजऱ्यातच होती.

मग त्यांनी एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. त्याचं मला नीट सांगता येणार नाही. मला वाटलं होतं हाडं म्हणजे काठ्या. तिथे डोंगर होते. कमरेच्या मणक्यांवर टोकं वाढलीत, एकातून दुसऱ्याकडे झुकलेली, दोन जागी तर पूल बांधल्यासारखी जोडलेली. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजला की शरीर त्याला आधार द्यायला आजूबाजूला हाड रचतं, आणि तेच मग टोचतं. म्हणजे ती झोपलेली असताना आतमध्ये कुणीतरी गुपचूप दगड वाहतंय. मी तो काळा कागद किती वेळ धरून उभा होतो काय माहीत, मागची बाई म्हणाली, बेटा, हमारा भी नंबर है.

पण तुला खरं सांगायचं तर ती बरी नाही. सकाळी पुढचे पाय टाकते आणि मागचे येत नाहीत. मी पोटाखालून टॉवेल घालून उचलतो. अंगणाच्या तीन पायऱ्या आता तिच्यासाठी कुतुबमिनार आहेत. डॉक्टरांना म्हटलं गोळी वाढवा, तर म्हणाले, "इस उम्र में इससे ऊपर नहीं जाऊँगा. जितनी दे रहे हो, उतनी ही." साइड इफेक्ट मात्र एकही नाही. रंग रोज सोन्याचा.

येताना कोपर्निकस मार्गावर आपल्या जुन्या सदनाच्या कँटीनमध्ये थालीपीठ मिळेल म्हणून वळलो. तिला रिक्षात ठेवून आत जाववेना, म्हणून नुसता वास घेतला, दोघांनी. गेटवरच्या पोलिसाला विचारलं, हा कोपर्निकस कोण? म्हणाला, होगा कोई मंत्री.

समर्थ


कॅम्प
२८ डिसेंबर

समर्थ,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दोन वेळा एक्स-रेसाठी आणि दोन वेळा टॉवेलसाठी.

माझ्या लाद्यांपेक्षा तिचे मणके तू छान सांगितलेस. मी ती फिल्म दर वर्षी बघते आणि मला फक्त आजार दिसतो.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच. डोस पूर्ण जातोय, त्याच्या वर डॉक्टर जाणार नाहीत, आणि तरीही तिला आपल्या पायांवर उठता येत नाही. म्हणजे औषधाच्या हातात होतं तेवढं संपलं. मी मार्चमध्ये येणार. तोपर्यंत तिने थांबावं असं मला वाटतं, पण ते माझ्यासाठी वाटतं, तिच्यासाठी नाही. ती कण्हत नाही याचा अर्थ तिला सोसतंय असा होत नाही. तुझं ते हवेत थांबलेल्या पायाचं वाक्य मला इथे झोपू देत नाही.

सोबत डॉ. नीरजसाठी एक पाकीट आहे. तिला झोपेचं इंजेक्शन द्यायला माझी संमती आहे, असं त्यात लिहिलंय. तारीख त्यांना विचारून ठरव, घाई नको, पण फार लांबवूही नकोस. त्या दिवशी तिला भात-चिकन भरपूर घाल. तिचं डोकं तुझ्या मांडीवर असू दे, टेबलावर नको. आणि शेवटपर्यंत कान खाजवत राहा.

हे तुझ्यावर टाकतेय. दुसरं कुणी नाही, आणि असतं तरी मी तुलाच सांगितलं असतं.

आत्या


लक्ष्मीबाई नगर
८ जानेवारी २०२५

आत्या,

रागावू नकोस. पाकीट अजून माझ्याकडेच आहे. डॉक्टरांकडे गेलो होतो, त्यांनी १८ तारीख दिली, शनिवार. पाकीट तेव्हाच आणा म्हणाले. मी मान हलवली आणि बाहेर येऊन आयएनए स्टेशनपर्यंत चालत गेलो, तिथून मेट्रोत बसलो आणि लाइन संपेपर्यंत गेलो. काही काम नव्हतं. शेवटच्या स्टेशनला उतरून एक चहा प्यायलो आणि परत आलो. ती दाराशी तोंड करून पडली होती, शेपटी दोनदा हलवली. उठली नाही, पण शेपटी हलवली.

धुकं एवढं आहे की समोरचा ब्लॉक गायब. भाजीवाला दुपारी झोपतो तेव्हा त्याची रेहडी, म्हणजे हातगाडी, मोकळी असते, ती मागून घेतो. त्यावर दुहेरी गोधडी, गोधडीवर गारगोटी, आणि मी ढकलतो. लोकांना आधी धुक्यातून पांढरं डोकं येताना दिसतं, मग मी. एक आजी तर हात जोडून बाजूला झाली. मला काहीच दिसत नाही आणि हिला सगळं दिसतं, नाकाने. एका झाडाजवळ मान वळवून थांब म्हणते, मी थांबतो. तिथे काय आहे? झाड आहे. पण ती असं हुंगते जशी तू त्या लादीवर हात ठेवून बसली असशील. कोण कधी गेलं, कुणाचं काय चाललंय, सगळं त्या बुंध्यावर लिहिलेलं असणार. चालता येत नाही तिला, आत्या, पण तिचं जग माझ्याहून मोठं आहे. अशीला कसं झोपवायचं, सांग.

काल बाबांचा फोन आला. म्हणाले, तूच गोळ्या विसरत असशील, म्हणून ही वेळ आली. ते ऐकून मला फार लागलं. मी एकही दिवस विसरलेलो नाही. तू म्हणाली होतीस वर्षाअखेर गोळ्या संपतील, तशा त्या संपल्या नाहीत, अजून एक अख्खी स्ट्रिप उघडायचीच आहे. पण याचा अर्थ मी चुकवतो असा नाही. तूच बघ ना, एका गोळीचे चार तुकडे, चार दिवस. गणितात तू चुकलीस. बाबांना हे तुझ्याकडून कळव, माझं ते ऐकत नाहीत.

शनिवारी काय ते होईल. मी मांडी घालूनच बसेन.

समर्थ


लक्ष्मीबाई नगर
२० जानेवारी

आत्या,

शुक्रवारी तू फोन ठेवलास की कट झाला ते कळलं नाही, म्हणून सगळं लिहितो.

मी रेहडी ढकलत होतो. नंबर अनोळखी, आधी वाटलं लोनवाले. मग वारा ऐकू आला, आणि त्या वाऱ्यात तू. ना हॅलो, ना कसा आहेस. "समर्थ, पाऊण म्हणजे किती?"

मी म्हटलं, पाव. मला वाटलं तू शुद्ध मराठीची परीक्षा घेतेयस.

नुसता वारा. मग म्हणालीस, "पाव म्हणजे चारातला एक. पाऊण म्हणजे चारातले तीन. तीन तुकडे द्यायचे होते, बाळा, चौथा ठेवायचा होता." आणि आवाज गेला.

मी तिथेच फुटपाथवर बसलो. रेहडीवरून ती माझ्याकडे बघत होती. आत्या, मला खरंच वाटायचं की पाऊण म्हणजे पाव, पुस्तकी. घरी बाबा पावणेबारा म्हणतात, पण मी फोनमध्ये अकरा पंचेचाळीस बघतो, त्या शब्दात काय आहे हे कधी उघडून बघितलंच नाही. दोन महिने फ्रिजवर "पाऊण गोळी" असं बरोबर लिहिलेलं होतं आणि मी रोज ते वाचून चूक करत होतो. तिला एक तुकडा देऊन तीन डबीत ठेवत होतो, पुढच्या दिवसांसाठी, जपून.

शनिवारी गेलो. पाकीट खिशात होतं, पण आधी तोंडाने सांगितलं. डॉक्टरांनी फाइल काढली, त्यात तीन-चतुर्थांश लिहिलेलं. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "मैंने पूछा था, पौनी दे रहे हो ना. तुमने कहा, दो कटोरी." मी म्हटलं, मला पानी ऐकू आलं. ते हसले, आणि हसता हसता गारगोटीजवळ खाली बसले आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, ये लड़की दो महीने चौथाई गोली पर दिल्ली की सर्दी काट गई.

पाकीट घेतलं नाही त्यांनी. रक्त परत तपासलं, ठीक आहे. कालपासून पाऊण सुरू.

आणि आता मला खरी भीती वाटतेय. आजपर्यंत औषधही पाव होतं आणि भीतीही पाव. आता तिप्पट. तो कागद परत वाचला. सकाळी तिने भात थोडा ठेवला तर मी डॉक्टरांना फोन लावायला घेतला, मग बघितलं तर त्यात चुकून वाटाणा आला होता, तोच तेवढा बाजूला काढलेला. टॉर्चचे सेल बदललेत.

तू एका शब्दासाठी डोंगर उतरलीस. कसं ते सांग.

समर्थ


कॅम्प
२९ जानेवारी

चि. समर्थ,

तुझं पत्र मी ओढ्यावर उभ्याउभ्याच वाचलं. "गणितात तू चुकलीस" इथपर्यंत हसत होते. मग हिशोब केला, आणि हरिदासला म्हटलं, गाडी काढ. त्या दिवशी त्याची फेरी नव्हती. रस्ता एका ठिकाणी ढासळला होता, तिथे आम्ही जीप सोडली आणि उरलेलं चाललो. हरिदासने वाटेत एकदाच विचारलं, घर में कोई बीमार है? मी म्हटलं, हाँ. पुढे त्याने माझी बॅगही घेतली. फोन लागला तेव्हा मला दम लागला होता, म्हणून हॅलो राहिलं.

तू एकटा चुकला नाहीस. "डोस पूर्ण जातोय" असं मी तुला लिहिलं, विचारलं नाही. दगडाचा तुकडाही मी तीनदा तपासल्याशिवाय नोंदवत नाही, आणि तिच्या बाबतीत एका वाक्यावर निर्णय घेतला. ते पाकीट ठेव. आल्यावर मी माझ्या हाताने फाडणार आहे.

भीती राहू दे. ती राहिली म्हणजे टॉर्च राहतो. पण तिला पूर्ण औषध जाऊ दे.

आणि हो, पाऊणकीचा पाढा शिकवेन तुला. निमकीसुद्धा. बस समोर मार्चमध्ये.

आत्या


लक्ष्मीबाई नगर
६ फेब्रुवारी

आत्या,

निमकी म्हणजे खायची ना? इथे मिठाईवाल्याकडे मिळते. बरं, ते राहू दे.

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. मी रोज तिच्याकडे दूध उतू जायची वाट बघतात तसा बघत होतो. मग एका सकाळी टॉवेल आणायला आत गेलो, परत आलो तर ती पाणी पीत उभी होती. चारही पायांवर. मी टॉवेल घेऊन तसाच उभा. तिने पाणी संपवलं, माझ्याकडे बघितलं, तोंडातून थेंब गळत होते, आणि परत जाऊन झोपली. एवढंच. मी गार्डला सांगायला धावलो, तर तो म्हणाला, पानी ही तो पिया है. त्याला काय कळणार.

मग पायऱ्या. आधी एक उतरली आणि विचार करत राहिली. दुसऱ्या दिवशी तिन्ही. चढताना अजून मी लागतो. डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखं काही होणार नाही, हाडं तीच आहेत. मला माहीत आहे. मी बघितलेत ना ते डोंगर, ते कुठे जाणार आहेत? पण त्याच डोंगरांवरून ती आता चालतेय. भाजीवाल्याला रेहडी परत केली. तो म्हणाला, गार्गी बिना सब्ज़ी कम बिकेगी.

रंग सोन्याचा. रोज. भूक आहे, डोळे पांढरे स्वच्छ. डॉक्टर दर महिन्याला रक्त बघणार आहेत.

आता कालचं. धुकं गेलंय, अंगणात ऊन होतं. मी पायरीवर बसून एका मुंगीला बिस्किटाचा तुकडा नेताना बघत होतो, तिच्याहून चौपट मोठा, आणि ती उलटी चालत होती. गारगोटी बाजूला बसलेली. तिचा डावा कान हलला. मला त्याचा आवाज ओळखीचा झालाय, मी न बघताच हात पुढे केला.

तिथे आधीच काहीतरी होतं.

तिचा पाय, आत्या. मागचा. हवेत थांबला, तसाच, नेहमीसारखा, थरथरला, आणि मी श्वास धरला. मग तो वर गेला. कानापर्यंत गेला. खरखर, खरखर, एकदा, दोनदा, मग एकदम जोरात, डोळे मिटून, जीभ बाहेर, अख्खं अंग हलत होतं, कानातली पांढरी लव उन्हात उडत होती. पडेल असं वाटलं. पडली नाही. पाय खाली ठेवला आणि यावेळी दुसरीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

मी मेट्रोने शेवटपर्यंत जाऊन आलोय, मानेसरला मशीनमधून मिनिटाला एक गाडीचा दरवाजा बाहेर पडताना बघितलाय. असं काही बघितलं नव्हतं. मुंगी तोपर्यंत निघून गेली.

बाबांना सांग, ही नोकरीपण टिकली नाही. मालकिणीचा कान आता मालकीणच खाजवते.

उजवा कान अजून मीच खाजवतो. तिला माझी गरज लागत नाही, पण ती खाजवू देते.

समर्थ